अमीनकडं नको, डॉक्टरकडं बघा

‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’ हा युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यावरचा सिनेमा कॉलेजच्या पोरांना दाखवायचा असेल तर आधी वय विचारा. अठराच्या खालचं कुणी बसवायचं नाही. शेवटच्या भागात छळ आहे, तोडलेलं शरीर आहे, आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर सुट्टीत जुने विद्यार्थी जमतात, त्यांना सिनेमे दाखवते. हा कसा दाखवते तेवढं सांगते.

सुरुवातीला भाषण ठोकू नका. तीन तारखा पुरतात. जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीननं युगांडाची सत्ता घेतली. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यानं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात आपले गुजराती पुष्कळ. एप्रिल १९७९ मध्ये तो पळाला. शिवाय निकोलस गॅरिगन हा तरुण स्कॉटिश डॉक्टर कल्पनेतला आहे, एवढं सांगा आणि दिवा घालवा.

किती माणसं मेली ते आधी बोलायचं नाही. अंदाज ८० हजारांपासून ५ लाखांपर्यंत जातात, पण तो आकडा कानावर पडला की पोरं अमीनला पहिल्या दृश्यापासून राक्षस धरून बसतात. मग डॉक्टर त्याच्या नादी का लागला हे कळायची वाटच बंद होते. अमीन आवडायला पाहिजे.

कोल्हापुरात त्याला वेळ लागत नाही. आमची निम्मी पोरं तालमीतली. धिप्पाड गडी, गडगडाटी हसणं, गावकऱ्यांसमोर उभा राहून मी तुमच्यातलाच म्हणणारा! खरा अमीनही १९५० च्या दशकात युगांडाचा बॉक्सिंग विजेता होता. फॉरेस्ट व्हिटेकर या नटानं तो असा उभा केलाय की २००७ च्या ऑस्करला दुसऱ्या कुणाचं नाव शोभलं नसतं. “बाई, माणूस लई दिलदार आहे की ओ!” हे वाक्य येतंच. येऊ द्या. कोण बोललं ते मात्र मनात ठेवा.

आता मुख्य काम. प्रत्येकाला एक कागद द्या आणि मधोमध रेघ मारायला सांगा. डावीकडं डॉक्टरला काय मिळालं, उजवीकडं त्यानं काय दिलं. अमीनबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

पहिली नोंद गाईपाशी होते. अमीनची गाडी गाईवर आदळते, त्याचा हात दुखावतो, निकोलस पट्टी बांधतो. गाय तडफडत हंबरत असते. निकोलस अमीनचंच पिस्तूल उचलून तिला गोळी घालतो. सैनिक त्याच्यावर बंदुका रोखतात, अमीन मात्र खूश. पोरगा स्कॉटलंडचा आहे कळल्यावर अंगातला लष्करी डगला काढून त्याच्या टी-शर्टशी अदलाबदल करतो. इथं सिनेमा थांबवा. थांबवून बघणं रसिकांना खपत नाही, पण हा वर्ग आहे. डगला डावीकडं, टी-शर्ट उजवीकडं, फिटंफाट झाली, असं बहुतेक लिहितात. वाद घालू द्या.

पुढं राष्ट्राध्यक्षाच्या खासगी डॉक्टरची नोकरी, राहायला जागा, मर्सिडीज, मेजवान्या, शेजारची खुर्ची. डावा रकाना भराभर भरतो, उजवा जवळजवळ कोरा. पोरं म्हणतात, यात वाईट काय, प्रेमानं देतोय. हे आपल्याला जास्त पटतं, कारण तांबडा-पांढरा वाढणाऱ्याचा हात धरून ‘बास’ म्हणणं इथं अजून उद्धटपणात मोडतं. मी तेव्हा काही बोलत नाही. कोऱ्या रकान्याकडं बोट दाखवते आणि पुढं चालू करते.

दुसऱ्यांदा थांबायचं ते आरोग्यमंत्री वास्वापाशी. निकोलसला तो एका परक्या माणसाशी बोलताना दिसतो. हे तो अमीनच्या कानावर घालतो, तेही साहेबाची काळजी म्हणून. मग वास्वा दिसेनासा होतो. दिवा लावा. उजवीकडं लिहा: एक वाक्य. आता सगळ्यांनी कागद वर सरकवायचा आणि खूण करायची, कुठल्या ओळीवर त्याला ‘नको’ म्हणता आलं असतं? कुणी मर्सिडीजवर करतं, कुणी डगल्यावर. एका मुलीनं थेट सुरुवात गाठली होती. तिथं निकोलस पृथ्वीगोल फिरवून बोट पडेल त्या देशात जायचं ठरवतो, कॅनडा आल्यावर पुन्हा फिरवतो. मजा मारायलाच निघाला होता, म्हणाली. उत्तर तुम्ही देऊ नका. शिक्षकानं उत्तर दिलं की पोरं तेच उतरवून घेतात.

इथून पुढं मध्ये थांबू नका. आशियाई लोकांना हाकलल्यावर अमीन निकोलसलाच झापतो, मला अडवलं का नाहीस? सांगितलं होतं, म्हटल्यावर म्हणतो, पटवलं कुठं? पोरं मोठ्यानं हसतात. हसू दे. सल्ला कुठल्या रकान्यात घालायचा, हे नंतर विचारा.

संपल्यावर लगेच चर्चा नको. खाली चहा घ्या, खासबागेत जाऊन भेळ खा, तासाभरानं बसा. मग खरंखोटं वेगळं करा. अमीनची बायको के १९७४ मध्येच मेली आणि तिची हकीकत वेगळी आहे. १९७६ मध्ये एक विमान अपहरण करून युगांडातल्या एंटेबीला आणलं होतं, सिनेमा तिचा मृत्यू त्या घटनेला चिकटवतो. अमीनजवळचा खरा गोरा माणूस म्हणजे बॉब ॲस्टल्स हा इंग्रज, पण तो निकोलससारखा कोवळा नव्हता, आधीच्या राजवटीपासून तिथंच होता.

माझी एक तक्रारही मांडते. हजारो युगांडन माणसं मरतात आणि आपला जीव अडकतो एका गोऱ्या पोरात. त्याला पळून जायला मदत करणाऱ्या डॉक्टर जुंजूचं नाव किती जणांनी लिहिलंय ते कागद तपासून बघा. बहुतेक कुणी नाही.

आठवड्यानं बार्बे श्रोडरचा १९७४ चा माहितीपट लावा. त्यात खरा अमीन आहे, स्वतःहून कॅमेऱ्यासमोर आलेला, ॲकॉर्डियन वाजवणारा. इथं बाहेरचा माणूस म्हणजे दिग्दर्शक. नंतर काही भाग कापायला लावण्यासाठी अमीननं युगांडातल्या फ्रेंच लोकांनाच अडकवून ठेवलं, आणि श्रोडरला ते कापावं लागलं. कागद पुन्हा वाटा, रेघ तीच.