काळ्या वावरात बांध घालता? या चुका टाळा

मे लागला की आमच्याकडं जेसीबीची घरघर सुरू होते. "एका दिवसात सारे बांध टाकून देतो" असं कोणी म्हणलं की मला धास्ती भरते. बांध एका दिवसात होतोही. पण पाणी जायचं कुठं, हे त्या दिवशी कोणीच विचारत नाही.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे भारी काळ्या जमिनीत समतल बांध, म्हणजे एकाच पातळीवर घातलेला, पाणी अडवणारा बांध. तो हलक्या, मुरमाड रानाचा. काळी माती भिजून फुगली की पाणी फार हळू मुरतं. मग अडलेलं पाणी उभं राहतं, पऱ्हाटी (कापूस) पिवळी पडते. दारव्ह्याकडच्या आमच्या वावरात मी हेच केलं. वरून सांडवाही, म्हणजे जादा पाणी जायची वाटही, ठेवली नाही, का तर पिकाच्या दोन तासांची (ओळींची) जागा जाते! उन्हाळ्यात बांधाला भेगा पडल्या, कोपरापर्यंत हात जायचा. मी म्हणलं, पावसानं बुजतील. आर्द्रात रात्रभर झोडपलं, अन् पाणी बांधावरून गेलंच नाही, भेगेतून गेलं. सकाळी बैलगाडी निघेल एवढं भगदाड, अन् खालच्या वावरातलं नुकतं उगवलेलं सोयाबीन गाळाखाली. तिथला भाऊ पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं.

आता माझे बांध ढाळीचे असतात, म्हणजे पाणी हळूहळू एका टोकाला नेणारे. 100 मीटरला 20 ते 40 सेंटीमीटर ढाळ, अन् टोकाला गवत असलेल्या नाल्यात पाणी सोडायचं. नाला उघडा असेल तर आधी तिथं गवत, मग बांध. मेच्या शेवटी कुदळीनं भेगा फोडून, धुम्मस करून (ठोकून दाबून) बुजवतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडला नाही.

दुसरी चूक डोळ्यानं उतार मोजायची. दोन टक्के उतार डोळ्याला सपाटच दिसतो, पण 100 मीटरला दोन मीटर फरक असतो. समतल रेषेला दोन बांबू अन् आडवी काठी यांची इंग्रजी A सारखी चौकट, अन् तिच्या टोकाला टांगलेल्या दोरीला दगड, एवढं पुरतं. मात्र चौकटीचे पाय अदलाबदल करून आडव्या काठीवर दोरीच्या दोन्ही खुणा घ्या, त्यांचा मध्य तोच समतल. नवी पोरं हेच वगळतात. ढाळ काढायला पाण्याची नळी बरी, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

घळीला (पाण्यानं कोरलेल्या चरीला) दगडी बांध नेहमी माथ्याकडून घालत खाली या, अन् मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बाजूनं पोखरतं.

उताराच्या दिशेनं तास काढणाऱ्याला काय सांगावं? आडवं पेरा.

धुऱ्यावरचं (वावराच्या हद्दीच्या बांधावरचं) गवत जाळू नका. मारवेल गवत असेल तर हातही लावू नका.

बांधावर वाळ्याचे (खस गवताचे) ठोंब 10 ते 15 सेंटीमीटर अंतरानं दाट लावा, तुटक लावले तर पाणी फटीतून धार धरतं. अन् पहिलं वर्ष शेळ्यांपासून राखा. माझे दोनदा गेले, दोन्ही वेळा आमच्याच शेळ्यांनी.