क्यूआर लावण्याआधी शाळेच्या ऑफिसात काय काय तयार हवं

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून शाळांची फी यूपीआयसारख्या डिजिटल मार्गाने घ्यायला सुचवलं. विषय निघाला की संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘अ‍ॅप कुठलं घ्यायचं?’ तो शेवटी घ्या. आधी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, उघडा.

एकाच इयत्तेत दोन आदित्य पवार असतात, म्हणून फी नावावर नको, जीआर नंबरवर (मुलाचा त्या रजिस्टरमधला क्रमांक) बांधा. पालकांचे मोबाइल नंबर निकालाच्या दिवशीच तपासून घ्या, कारण त्या दिवशी सगळे येतात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के मोफत जागांवरच्या मुलांपुढे फीची रक्कम शून्य टाकली आहे ना, हे स्वतः बघा. त्यांच्या घरी ‘फी थकली आहे’ असा मेसेज जाणं म्हणजे शाळेची शोभाच.

काउंटरवर चिकटवलेला एकच छापील क्यूआर दिसायला सोपा, पण निस्तरायला अवघड. संध्याकाळी स्टेटमेंट काढलं की 4,500 रुपये जमा दिसतात, शेजारी बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि कुणाचंतरी नाव. पैसे भरले दिंडोरीच्या मामाने, भाचा नाशिकच्या पंचवटीत सहावीला. मग शिपाई वर्गावर्गात विचारत फिरणार. त्यामुळे बँकेकडे किंवा सॉफ्टवेअरवाल्याकडे मागायचं ते हेच: प्रत्येक मुलाची वेगळी लिंक किंवा वेगळा क्यूआर, त्यात जीआर नंबर आणि रक्कम आधीच भरलेली, आणि पैसे जमा झाल्याशिवाय पावती निघणार नाही अशी सोय. पालकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर पावती फाडू नका. तो खोटा बनवता येतो.

खातं संस्थेच्या नावावर असतं आणि पालक शाळेला ओळखतात ते वेगळ्याच नावाने. स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसलं की माणूस बिचकतो, आणि बिचकायलाच हवं. म्हणून कोणतं नाव दिसेल ते सूचनेत आधीच छापा.

फीचे रकाने भरताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेला तक्ता समोर ठेवा. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार मान्य फीपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा ‘ऑनलाइन चार्ज’ असा नवा रकाना आपल्या मनाने घुसवू नका. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याला पडणारं व्यवहार शुल्क, शून्य आहे. क्रेडिट कार्ड आणि गेटवेवाल्याचे (ऑनलाइन पैसे शाळेपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचे) दर निराळे. ते कोण सोसणार, हे करारावर सही करण्याआधी ठरवा.

हप्त्यांच्या तारखांना मात्र वेळ द्या. अंबड-सातपूरच्या कामगाराचा पगार सात-दहा तारखेला होतो. द्राक्षबागायतदाराकडे पैसा फेब्रुवारी-मार्चनंतर येतो, आणि व्यापाऱ्याकडे अडकला तर एप्रिलही उलटतो. सॉफ्टवेअरमध्ये पाच तारखेला आपोआप दंड लागेल असं बसवलंत, तर दंड माफ करण्याचे अर्ज लिहून घेण्यातच लिपिकाचा दिवस जाईल. ऑटोपे, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप हप्ता कापणं, हवं असेल तर लक्षात ठेवा, 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. मोठी वार्षिक फी एकदम भरणाऱ्यांसाठी शिक्षणसंस्थांना यूपीआयची मर्यादा 5 लाखांपर्यंत वाढवलेली आहे, पण पालकाच्या बँकेत ती किती, हे त्यांनाच विचारायला सांगा.

पैसे कापले गेले आणि शाळेत पोचले नाहीत, ही तक्रार येणारच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे लिहून काउंटरवर लावा, म्हणजे घाबरून कुणी दुसऱ्यांदा भरणार नाही. छापील क्यूआर ठेवलाच असेल, तर त्यावर कुणी दुसरा चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी पाहायचं काम एकाच माणसाकडे द्या. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन.

रोखीची खिडकी बंद करू नका, फक्त ती रक्कमही त्याच दिवशी त्याच सॉफ्टवेअरमध्ये चढवा. दोन ठिकाणी दोन हिशेब झाले की ऑडिटला मेळ लागत नाही. आणि करारात एक ओळ नक्की घालून घ्या: कंपनी बदलली तर सगळ्या पावत्या आणि मुलांची माहिती एक्सेलमध्ये शाळेला परत मिळेल, आणि कंपनीकडची प्रत पुसली जाईल.