श्वासावरोधाने झालेल्या मृत्यूचा शवचिकित्सा अहवाल कसा वाचावा

गोव्यात कोणी बावीत, नदीत, समुद्रात किंवा चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यात मृतावस्थेत सापडले की पोलीस पंचनामा करतात आणि मृतदेह बहुधा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, शवचिकित्सेसाठी नेतात. काही दिवसांनी घरच्यांच्या हाती अहवाल येतो आणि त्यात ‘श्वासावरोधामुळे मृत्यू’ असे लिहिलेले असते. हे वाचून तेवढ्यावर थांबू नये. श्वासावरोध म्हणजे शरीराला प्राणवायू न मिळणे. तो कशामुळे मिळाला नाही, हे त्याच ओळीत किंवा पुढच्या ओळीत यायला हवे, म्हणून आधी ते शोधावे.

या मृत्यूंच्या वर्गीकरणात पुस्तकागणिक शब्द बदलत असत. २०१० साली सोवाजो आणि बोगोसियन या संशोधकांनी चार गटांची मांडणी सुचवली : नाक-तोंड किंवा श्वासनलिका बंद होऊन अथवा हवेतच प्राणवायू नसल्याने गुदमरणे; मानेवर दाब येणे, ज्यात गळफासही आला; छातीवर भार पडून किंवा शरीर अवघडलेल्या स्थितीत अडकून श्वास थांबणे; आणि बुडणे. अहवालातले कारण यांपैकी कुठे बसते ते पाहिले की पुढची निरीक्षणे समजायला सोपी जातात.

आता निरीक्षणांकडे वळावे. निळसर नखे, डोळ्यांतले रक्ताचे बारीक ठिपके, पातळ राहिलेले रक्त ही एके काळी श्वासावरोधाची हमखास लक्षणे मानली जात. पण ती इतर मृत्यूंतही दिसतात, त्यामुळे केवळ त्यांच्या जोरावर घातपाताचा संशय धरणे मला अन्यायाचे वाटते. मानेवरच्या व्रणाची दिशा, उंची आणि सलगता मात्र काळजीपूर्वक वाचावी : तिरपा, वर चढत जाणारा, मध्येच तुटलेला व्रण सहसा गळफासाकडे बोट दाखवतो, तर आडवा, गळ्याभोवती पूर्ण फिरलेला व्रण आवळल्याकडे.

बुडण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त गल्लत हातांवरून होते. तळहातांची कातडी पांढरी पडून धुणे धुतल्यासारखी सुरकुतली, तर देह पाण्यात होता एवढेच कळते, कारण मेल्यानंतर पाण्यात टाकलेल्या देहाचीही कातडी तशीच होते. त्यापेक्षा नाका-तोंडाशी आलेला बारीक, पांढरा, चिवट फेस मोलाचा असतो. तो पुसला तरी छाती दाबताच पुन्हा येतो, कारण श्वास चालू असताना पाणी, हवा आणि श्लेष्मा घुसळून तो तयार झालेला असतो. मात्र काही विषबाधांतही फेस येतो आणि देह कुजू लागला की, आपल्या उष्ण, दमट हवेत तर लवकरच, तो नाहीसा होतो. मुठीत घट्ट धरलेले शेवाळ किंवा वाळू मिळाली, तर व्यक्ती जिवंतपणी पाण्यात गेल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. शंका उरल्यास अस्थिमज्जेत डायटम, म्हणजे वाळूच्या द्रव्याचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले, शोधतात आणि त्याच बावीच्या पाण्याशी ताडून पाहतात. ती सापडली नाहीत म्हणून बुडून मृत्यू झालाच नाही, असे ठरत नाही.

अहवालात अपघात, आत्महत्या की खून याचे उत्तर दिसले नाही म्हणून डॉक्टरांवर संशय घेऊ नये. त्यांचे काम मुख्यतः कारण सांगण्याचे. मृत्यू कसा ओढवला हे घटनास्थळ, साक्षी आणि वैद्यकीय मत एकत्र पाहून तपासातून ठरते. १ जुलै २०२४ पासून अनैसर्गिक मृत्यूची ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. अहवालात ‘व्हिसेरा राखून ठेवला’, म्हणजे देहातल्या अवयवांचे नमुने प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी ठेवले, असे असेल, तर हातातला कागद अंतिम नाही असे समजावे आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष आल्यावरचे अंतिम मत तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून मागावे.