वस्तीतल्या तरुणांचं नाटक बसवताना या चुका टाळा

वस्तीतल्या, गावातल्या पोरांना घेऊन नाटक बसवणारे कार्यकर्ते, शिक्षक आणि हौशी दिग्दर्शक हल्ली बरेच दिसतात. ‘तरुणांचा आवाज’ हे शब्द तर प्रत्येक फ्लेक्सवर असतात. प्रयोग बघायला बसलं की कळतं, तोंडं पोरांची आहेत आणि वाक्यं दादा-ताईंची. हा घोळ प्रयोगाच्या दिवशी होत नाही, तो तालमीच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो. बसवणाऱ्यांच्या ज्या तक्रारी हमखास ऐकू येतात, त्याच घेऊन बघू.

‘मुलं बोलतच नाहीत’

बहुतेक वेळा कारण एकच, संहिता आधीच तयार असते. विषय संस्थेच्या प्रकल्पातून आलेला असतो, व्यसनमुक्ती नाहीतर स्वच्छता. झेरॉक्स हातात पडली की मुलं परीक्षा असल्यासारखी पाठांतराला लागतात. मग ‘हावभाव आणा रे’ म्हणून कितीही ओरडा.

संहिता बाजूला ठेवा. विषयही विचारू नका. ‘तुमच्या समस्या सांगा’ म्हटलं की पाहुण्यांसमोर म्हणायची ठरलेली यादी मुलं म्हणून दाखवतात, ती त्यांना तोंडपाठ असते. त्याऐवजी एखादी जागा द्या. सार्वजनिक नळ घ्या. पाणी यायच्या आधीचा अर्धा तास करून दाखवा, एवढंच सांगायचं. लगेच कुणीतरी चप्पल, फुटका डबा, वीट असं ओळीनं मांडायला लागतं, कारण पहाटे रांगेत माणसं नसतात, वस्तू असतात. एक मुलगी येते, दुसऱ्याची वीट पायानं हळूच मागे सरकवते, आपला हंडा पुढे ठेवते आणि तोंडानं विचारते, ‘काय काकू, झाला का चहा?’ नाटक इथं सुरू झालं. नंबर कुणाचा, दमदाटी कुणाची चालते, परीक्षेच्या दिवशीसुद्धा नळावर पोरगीच का, हे सगळं त्या विटेमागून येतं. आता मोबाईलवर रेकॉर्ड करा, वाक्यं जशी पडली तशी उतरवून घ्या आणि त्यातून संहिता बांधा. वेळ जातो, पण पाठांतराचा प्रश्न उरत नाही. स्वतःचं वाक्य कोण विसरतं?

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेला सोबत घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. साठच्या दशकापासून बालनाट्यं लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या माणसाला वस्तीतल्या मुलांसाठी आणखी एक नाटक लिहून देणं काहीच अवघड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही. विषय मुलांनी शोधायचा, नाटिका मुलांनी रचायची, जाणत्यांनी तंत्र शिकवायचं, अशी त्या उपक्रमाची रीत होती. लेखणी हातात असून ती खाली ठेवणं लेखकाला किती जड जातं, हे लिहिणाऱ्यांना विचारा.

‘उच्चार फार खराब आहेत’

मुलगा ‘पानी’ म्हणतो आणि दिग्दर्शक तिसऱ्यांदा त्याला ‘पाणी’ म्हणायला लावतो. चौथ्यांदा तो ‘पाणी’ म्हणतो खरा, पण पुढचं वाक्य विसरतो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या शाहिरांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभं राहिलं. कामगार वस्त्यांना ते आपलं वाटलं, त्यात बोलीचा वाटा मोठा होता. ‘न’ आणि ‘ण’ सोडा. खरी अडचण असते ती शब्दाचं शेपूट गिळण्याची आणि घाईची. दोघांना मैदानाच्या दोन टोकांना उभं करा. एकानं वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं ते ऐकू आलं तसं परत म्हणून दाखवायचं. कुठला शब्द वाटेत पडला ते पोरांचं पोरांनाच कळतं आणि आपली कटकट वाचते. पथनाट्य असेल तर आणखी एक बघा. गोलात उभं राहिल्यावर कुणाकडे तरी पाठ होणारच, म्हणून महत्त्वाचं वाक्य फिरत बोलायला लावा. ढोलकी चालू असताना संवाद नको. निदान एक तालीम रिक्षा-टेम्पोच्या आवाजात, चौकातच घ्या.

‘शेवट जमत नाही’

जमतो, फार सहज जमतो, हीच भानगड आहे. दारुडा बाप बाटली फेकतो, सगळे हात धरून उभे राहतात, गाणं होतं, टाळ्या. तोच बाप मागे कट्ट्यावर उभा असतो आणि नाटक संपल्यावर कुठं जातो, ते मुलांना ठाऊक असतं. आपण त्यांच्याकडून खोटं बोलून घेतो.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी यावर वाट काढली, ती म्हणजे फोरम थिएटर. पश्चिम बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून उभी आहे आणि गावोगावी हे काम करते. पद्धत अशी: नाटक मुख्य पात्र हरतं तिथं थांबवायचं, मग पुन्हा सुरू करायचं. या वेळी प्रेक्षकातल्या कुणीही ‘थांबा’ म्हणावं, पुढे येऊन त्या पात्राची जागा घ्यावी आणि वेगळं काही करून पाहावं. मधे दुवा म्हणून जो उभा असतो त्याला जोकर म्हणतात.

इथं दोन चुका ठरलेल्या. पहिली, प्रेक्षकाला बापाच्या जागी येऊ देणं. येणारा म्हणतो, ‘मी आजपासून दारू सोडली,’ आणि प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. बदलायचं ते सोसणारं पात्र. आई, मुलगी किंवा शेजारीण काय करू शकते, ते बघायचं आहे. दुसरी चूक जोकरची. त्याला भाषणाची हौस असते. त्यानं उत्तर द्यायचं नाही, एवढंच विचारायचं, ‘आपल्या गल्लीत असं खरंच होईल का?’ आणि गप्प बसायचं. पहिले काही प्रयोग अनुभवी माणसाला जोकर करा, पुढे एखाद्या मुलीकडे द्या.

‘तिचीच गोष्ट आहे, तिलाच करू दे’

हे करू नका. ती रडली की सभागृह रडतं, फोटो छान येतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच गल्लीतून कॉलेजला जायचं असतं. गोष्टींची अदलाबदल करा. नाव, गाव, नातं बदला, मुलीची गोष्ट मुलाला द्या. जिची गोष्ट आहे तिला बाहेर बसून दिग्दर्शन करू द्या, आणि नको म्हणायचा हक्क शेवटच्या तालमीपर्यंत तिचाच ठेवा. अठरा वर्षांखालच्या कुणी लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर तो नाटकाचा विषय नाहीच. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक तालमीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

‘मुली टिकत नाहीत’

तालीम रात्री आठला ठेवल्यावर कशा टिकतील? वेळ मुलींना विचारून ठरवा, आयांना अधूनमधून तालमीला बोलवा.

‘ऐनवेळी गोंधळ होतो’

गोंधळ बहुधा व्यासपीठावरून सुरू होतो. सहाचं नाटक साडेसातला लागतं, कारण दीपप्रज्वलन, सत्कार आणि चार मनोगतं. पाहुण्यांना नाटकानंतर बोलवा, किंवा सरळ प्रेक्षकांत सतरंजीवर बसवा. फोरम असेल तर नगरसेवकालाही उठून पात्राची जागा घेता येते, आणि ते भाषणापेक्षा बरं होतं.

परवानग्यांचं शेवटच्या आठवड्यात आठवतं. चौकात प्रयोग असेल तर पोलिसांकडे लेखी अर्ज आधीच द्या. नाट्यगृहात करायचं तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला आपण अजूनही ‘सेन्सॉर’ म्हणतो. तिथं लेखी संहिता द्यावी लागते. उत्स्फूर्त पद्धतीनं बसवणारे गट नेमके इथं अडकतात, कारण कागदावर काहीच नसतं. मोबाईलवरून उतरवलेली वाक्यं तेव्हा कामाला येतात. मंजूर झालेल्या संहितेबाहेर जाऊन प्रेक्षकांना मंचावर बोलावणं अवघड, म्हणून दोन रूपं ठेवा: नाट्यगृहासाठी ठरलेल्या संवादांचं, आणि वस्तीतल्या मोकळ्या जागेत मधेच थांबणारं.