टप्पा किती वेळात संपेल? टूर द फ्रान्सच्या वेळेचा अंदाज कसा बांधावा

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या अख्ख्या टप्प्याला एकच सरासरी वेग लावू नका. रस्त्याचे तुकडे पाडा: चढ वेगळे, बाकीचा रस्ता वेगळा. आयोजकांच्या वेळापत्रकात तीन सरासरी वेगांनुसार वेळा दिलेल्या असतात, पण त्या वाहतूक आणि बंदोबस्तासाठी असतात. त्यांचा उपयोग फक्त ताळा पाहायला करा. घड्याळ शून्य किलोमीटरला सुरू होतं. त्याआधी सायकलपटू गावातून संथ मिरवतात ते अंतर धरायचं नाही.

चढासाठी लांबी आणि सरासरी चढाव गुणून उंची काढा. मग व्हीएएम, म्हणजे तासाला किती मीटर उंची चढतात, तो आकडा लावा. शेवटच्या घाटात आघाडीचे १७०० ते १८००, मधल्या घाटांत पेलोटॉन, म्हणजे सायकलपटूंचा मुख्य घोळका, १५०० च्या आसपास. आकडा शक्य कोटीतला आहे का, हे तपासायला इटालियन डॉक्टर मिकेले फेरारीचं सूत्र बरं पडतं: चढावाच्या टक्क्यांना १० ने गुणा, त्यात २०० मिळवा आणि व्हीएएमला त्याने भागा. उत्तर दर किलो वजनामागे वॅटमध्ये येतं. लांब चढावर ते ७ च्या वर गेलं तर तुमचंच काहीतरी चुकलंय. चढाव ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्हीएएम फसवतो, कारण तिथे पुढच्याच्या मागे लपून बरीच ताकद वाचते. तिथे सरळ ताशी वेग धरा.

आता २०२४ चा लुदाँव्हिएल ते प्लातो द बेय टप्पा घेऊ, १९७.७ किमी.

पेरसूर्द ६.९ किमी, ७.८ टक्के: ५३८ मीटर, सुरुवातीलाच चढाओढ म्हणून १६०० ने २० मिनिटं. माँते ९.३ किमी, ९.१ टक्के: १५०० ने ३४. पोर्ते-दास्पे ४.३ किमी, ९.६ टक्के: साडेसोळा. आन्येस १० किमी, ८.२ टक्के: ३३. बेय १५.८ किमी, ७.९ टक्के: १२४८ मीटर, १७५० ने ४३. एकूण १४६ मिनिटं. उरलेले १५१ किमी (उतार, दऱ्या, लहानसहान चढ) ताशी ५० ने १८२ मिनिटं. बेरीज ५ तास २८ मिनिटं.

टप्पा जिंकणाऱ्या पोगाचारची प्रत्यक्ष वेळ होती ५:१३:५५. बेय त्याने जेमतेम ४० मिनिटांत चढला, पांतानीची १९९८ ची वेळ साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडली, आणि तरी आपल्या अंदाजात त्यामुळे फरक पडतो तीनच मिनिटांचा! उरलेल्या रस्त्याला ५० ऐवजी ५३ धरा, १० मिनिटं कमी होतात आणि हिशेब जुळतो. म्हणजे चर्चा घाटांची होते, अंदाज मात्र दऱ्यांमध्ये चुकतो. म्हणून आदल्या रात्री आधी हे ठरवा: घोळक्यातून सुटून पुढे पळालेल्यांना पकडायची गरज कोणत्या संघाला आहे? त्या दिवशी व्हिस्मा संघ पुढे राहून घोळका ओढत होता. कुणालाच गरज नसेल तर ४६ धरा.

सपाट टप्प्यात सगळा खेळ वाऱ्याचा. रस्त्याची दिशा नकाशावर बघून वाऱ्याशी ताडून पाहा. एरवी ४२ ते ४५ धरावेत. २०२५ चा शिनाँ ते शातोरू टप्पा १७४.१ किमीचा होता, व्हान डर पूल आणि रिकार्ट हे दोघे सुरुवातीलाच घोळक्यातून सुटले आणि सरासरी गेली ५०.०१३ वर. घड्याळाविरुद्धचे टप्पे (टाइम ट्रायल) सोडले तर तोवर त्याहून वेगवान एकच, १९९९ चा लाव्हाल ते ब्लुआ, ५०.३५५. दोन माणसं पुढे आहेत एवढ्यावरून दिवस आरामाचा समजू नये, हे शातोरूने दाखवलं.

शर्यत सुरू झाल्यावर पहिल्या तासाची सरासरी कळते. ती जशीच्या तशी पुढे ओढू नका, पळण्याची झटापट संपली की वेग उतरतो. पहिला घाट पार झाल्यावर तिथली खरी वेळ घेऊन उरलेल्या तुकड्यांचा हिशेब नव्याने मांडा. पाऊस असेल तर आधी उतारांचा वेग कमी करा. पुढे येणाऱ्यांना मिळणारे बोनस सेकंद एकूण क्रमवारीत वजा होतात, टप्प्याच्या वेळेत नाही. आणि जुलैत फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो: तिथले साडेपाच म्हणजे इथे रात्रीचे नऊ.