बोन मॅरोची स्लाइड बिघडते कुठे? लॅबवाल्यांनो, या चुका टाळा

सीबीसीचं (रक्तपेशींच्या तपासणीचं) सॅम्पल क्लॉट झालं तर पेशंटला परत बोलावता येतं, तो कुरकुरतो पण हात पुढे करतो. मॅरोचं, म्हणजे हाडातल्या मगजाचं, तसं नाही. कमरेच्या मागच्या हाडात सुई गेलेली असते, लोकल (भूल) दिलं तरी सिरिंज खेचताना जी कळ येते ती लोकलने थांबत नाही, आणि असा पेशंट दुसऱ्यांदा टेबलवर झोपवायचा कारण आपली स्लाइड बिघडली, हे सांगायला डॉक्टरांना तोंड राहत नाही आणि आपल्यालाही. माझा इतक्या वर्षांचा हिशोब असा आहे की मॅरो मायक्रोस्कोपखाली क्वचितच बिघडतो, तो पेशंटच्या बाजूला पहिल्या पाच मिनिटांतच बिघडलेला असतो.

सगळ्यात पहिली गडबड म्हणजे एकच मोठी सिरिंज. स्लाइडसाठी पहिला खेच फक्त पाव ते अर्धा एमएल पाहिजे, त्याच्या पुढे जे येतं त्यात रक्तच जास्त. पण फ्लो (पेशींचे प्रकार ओळखणं) पण करायचंय, कॅरिओटाइप (गुणसूत्रं बघणं) पण करायचंय म्हणून एकदम आठ-दहा एमएल खेचतात आणि त्यातूनच स्लाइड काढायला आपल्या हातात देतात, मग रिपोर्टमध्ये येतं "हिमोडायल्यूटेड", म्हणजे रक्ताने पातळ झालेला. हे डॉक्टरांना आधीच सांगायचं, लाजायचं नाही, "सर, पहिली छोटी सिरिंज स्लाइडची, बाकीच्यासाठी दुसरी लावू." ट्यूबचंही एकदाच डोक्यात बसवा: फ्लोसाठी आणि पीसीआरसाठी (जनुकांची तपासणी) जांभळी ईडीटीए (हेपॅरिन पीसीआरमध्ये आडवं येतं), कॅरिओटाइपसाठी हिरवी सोडियम हेपॅरिन कारण तिथे जिवंत पेशी वाढवायच्या असतात. स्लाइड मात्र अँटिकोआग्युलंट (गोठू न देणारं द्रव्य) नसलेल्या ताज्या थेंबातून, तिथल्या तिथे. "लॅबमध्ये नेऊन आरामात काढू" म्हणालात की मॅरो गोठलाच समजा, तो रक्तापेक्षा लवकर गोठतो. आणि गोठलाच तर ती गुठळी बेसिनमध्ये टाकू नका हो, फॉर्मॅलिनमध्ये टाका, तिचं सेक्शन (पातळ काप) होतं आणि कधीकधी तेवढंच हाती लागतं.

आता पार्टिकल, म्हणजे मॅरोचे कण. थेंब तिरप्या स्लाइडवर सोडला की रक्त खाली ओघळतं आणि वर करडे-पांढरे, ओबडधोबड कण राहतात, ते आपले. गोल, चकचकीत, तेलासारखे ठिपके दिसले तर ती नुसती चरबी, नवीन मुलं इथेच फसतात आणि "आले सर पार्टिकल" म्हणून मोकळी होतात. हे सांगायची वेळ सुई अजून आत आहे तोवरच असते, नंतर सांगून उपयोग नाही. कण स्प्रेडरच्या कोपऱ्याने उचलायचा, दुसऱ्या स्लाइडवर ठेवायचा आणि ओढायचा, किंवा दोन स्लाइडमध्ये हलका दाबून सरकवायचा. हलका म्हणजे हलका, लिंबू पिळल्यासारखं दाबलं तर सगळ्या पेशी फुटून नुसते जांभळे धागे दिसतात आणि नेमके नाजूक ब्लास्ट (अपरिपक्व पेशी) आधी फुटतात. निदान ६ स्लाइड तरी काढा, आयर्न (लोह बघायचा रंग) लागतं, एखादी स्पेशल स्टेन (रंग) लागते. नाव-नंबर फ्रॉस्टेड टोकावर पेन्सिलीने लिहा, मार्कर मिथेनॉलमध्ये धुऊन जातो.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. दमट हवेत स्मिअर (स्लाइडवरचा पातळ थर) हळूहळू वाळतो आणि तेवढ्यात पेशी आकसतात, लाल पेशींवर चमकणारे बुडबुडे दिसतात. फॅनखाली धरा, छोटा टेबलफॅन असला तर उत्तम, तोंडाने फुंकर नको. न फिक्स केलेल्या (मिथेनॉलने पक्क्या न केलेल्या) स्लाइड फ्रिजमध्ये किंवा आइसपॅकला चिकटून ठेवल्या तर पाणी सुटून अजून वाट लागते.

आणि फॉर्मॅलिन! एकदा बाहेरगावाहून आमच्याकडे मॅरो आला, स्लाइड आणि ट्रिफाइनची (हाडाच्या तुकड्याची) बाटली एकाच थर्माकोलच्या डब्यात, झाकण किंचित ढिलं. डबा उघडला तेव्हाच डोळे झोंबले. स्टेन केला तर सगळ्या पेशी निळ्या-हिरवट धुरकट, काही म्हणता काही ओळखता येईना, तीन वेळा नवीन स्टेन करून बघितला, स्टेनचा दोष नव्हताच. फॉर्मॅलिनची नुसती वाफ लागली तरी न फिक्स झालेला स्मिअर खलास होतो. वेगळा डबा, वेगळी पिशवी, आणि टेबलवरही उघडी बाटली स्लाइडजवळ नको. बाहेर पाठवताना समोरच्या लॅबला विचारून काही स्लाइड मिथेनॉलमध्ये फिक्स करून द्या, काही तशाच.

सुईत काहीच आलं नाही, ड्राय टॅप झाला, तर लोक हात झटकतात. उलट तिथे संशय वाढायला हवा, मायलोफायब्रोसिस (मॅरोत तंतू वाढणं) असेल, हेअरी सेल ल्युकेमिया असेल, नाहीतर मॅरो पेशींनी ठासून भरलेला असेल. अशा वेळी ट्रिफाइनचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जायच्या आधी स्लाइडवर हळूच टेकवून टच इम्प्रिंट घ्यायची, घासायची नाही. तुकडा बाटलीत पडला की ही संधी गेली.

स्टेनिंगमध्ये रोजच्या पेरिफेरल (रक्ताच्या) स्मिअरचीच वेळ मॅरोला लावतात, मग कणांच्या आजूबाजूला फिकं राहतं. मॅरोत पेशी दाट असतात, लीशमन असो की मे-ग्रुनवाल्ड गिम्सा, वेळ जास्त द्यावा लागतो, किती ते तुमच्या स्टेनच्या बॅचवर ठरवा आणि वहीत लिहा. बफर ६.८ पीएचचा. सगळं निळंच दिसतंय? बोअरचं पाणी वापरताय का बघा, ते अल्कलाइन असतं, नाहीतर स्मिअर जाड किंवा हेपॅरिनचा. सगळं गुलाबी, केंद्रक फिके? बफर अ‍ॅसिडिक झालाय किंवा धुणं जास्त झालं. काळे-जांभळे दाणे सगळीकडे? स्टेन गाळा. लाल पेशींत पुन्हा तेच बुडबुडे? मिथेनॉलने पाणी ओढलंय, बाटलीचं बूच कोणीतरी उघडं ठेवलंय (कोण ते सगळ्यांना माहीत असतं).

पर्ल्सचं (आयर्नच्या स्टेनचं) मिश्रण त्याच दिवशी करा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये, नळाच्या नाही, आणि सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल (आयर्न नक्की असलेली स्लाइड) हवाच. आयर्न "निल" म्हणण्याआधी पार्टिकल मोजा, निदान ७ तरी बघितलेले असावेत. एक कण बघून आयर्न नाही म्हणणं म्हणजे डब्यातला एक दाणा चाखून साखर संपली म्हणणं.

बघताना थेट ऑइलवर (सगळ्यात मोठ्या लेन्सवर) उडी मारू नका. आधी १० एक्सवर पूर्ण स्लाइड फिरवा, कडा आणि शेपूट सोडू नका, कारण मेटास्टॅसिसचे (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचे) गठ्ठे तिथेच जाऊन बसतात आणि मेगाकॅरिओसाइटही (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) तिथेच सापडतात. काउंट कणांच्या मागे पसरलेल्या भागात, ५०० पेशी. गोंधळ ठरलेले आहेत: ऑस्टिओब्लास्टला (हाड बनवणारी पेशी) प्लाझ्मा सेल (अँटिबॉडी बनवणारी पेशी) समजतात, तर त्याचा फिकट डाग केंद्रकापासून जरा लांब असतो, प्लाझ्मा सेलचा केंद्रकाला चिकटून. ऑस्टिओक्लास्टला (हाड झिजवणारी पेशी) मेगाकॅरिओसाइट म्हणतात, पण त्याची केंद्रकं सुटी-सुटी असतात. लहान मुलांत हिमॅटोगोन (नॉर्मल अपरिपक्व बी पेशी) बघून ल्युकेमियाची घाबरगुंडी उडते. आपल्याकडे बी-ट्वेल्व्हची कमतरता इतकी आहे की मेगालोब्लास्टिक मॅरोतले मोठे, निळे एरिथ्रोब्लास्ट (लाल पेशींच्या आधीच्या पेशी) पाहून कुणी ब्लास्ट मोजायला बसलेला मी पाहिलाय. मॅरोच्या आधी पेशंटला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलंय का हे फॉर्मवर विचाराच, एक-दोन दिवसांत एरिथ्रॉइड चित्र बदलायला लागतं आणि मग पॅथॉलॉजिस्ट मॅडम "कशाचं आहे हे" म्हणत डोकं धरून बसतात. त्याच दिवशीची सीबीसी आणि पेरिफेरल स्मिअर सोबत जोडा, त्याशिवाय मॅरो त्यांच्या टेबलवर ठेवूच नका.

डिकॅल्सिफिकेशनला (ट्रिफाइनच्या तुकड्यातलं कॅल्शियम काढायला) नायट्रिक अ‍ॅसिड घाईचं काम आहे, डीएनए आणि आयएचसी (अँटिबॉडीने करायची स्टेन) दोन्हीची वाट लावतं. ईडीटीएला जास्त वेळ लागतो पण मटेरियल टिकतं. शनिवारी दुपारी तुकडा अ‍ॅसिडमध्ये टाकून सोमवारी काढणाऱ्यांनी बाटलीवर वेळ लिहायची सवय लावावी, आणि रविवारी कोण येणार ते शनिवारीच ठरवावं.