उद्यमनगरातून समुद्राकडे: इंजिनिअरनं सुरुवात कुठून करावी

कोल्हापुरात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स केलेल्यांना सागरी संवर्धनात जायचं म्हटलं की आधी स्कूबा आठवतो. तारकर्लीला कोर्स करू, मग पुढचं बघू. हा क्रम उलटा आहे. पाण्याखाली उतरणारी माणसं मिळतात. महिनाभर खाऱ्या पाण्यात राहून चालू हालतीत वर येणारं उपकरण मिळायची मारामार असते, आणि तुमची गरज तिथे आहे.

म्हणून सुरुवातीला एकच वस्तू धड बनवा: १० मीटर खोलीवर टिकेल असा तापमानाचा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारं उपकरण. डबी कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) गजातून लेथवर टर्न करून घ्या. ओ-रिंगची, म्हणजे झाकण पाणबंद करणाऱ्या रबरी कडीची, खाच स्वतः उभं राहून तपासा. खाचेला आडवा ओरखडा राहिला की पाणी तिथूनच शिरतं. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालं तर वाळू चिकटते, आणि गळतीला वाळूचा एक कण किंवा डोक्यातला एक केस पुरतो. पहिल्या चाचणीत सर्किट घालू नका. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, खाली वजन बांधा आणि डबी रात्रभर विहिरीत सोडा. १० मीटरवर पाण्याचा दाब साधारण एक वातावरण इतका असतो. सकाळी टिश्यू सुका निघाला तरच पुढे जा.

विहिरीचं पाणी मात्र मीठ शिकवत नाही. ३०४ स्टेनलेसचे बोल्ट समुद्रात खड्डे पडून जातात, म्हणून ३१६ घ्या. ॲल्युमिनियमच्या डबीला स्टेनलेसचे बोल्ट थेट लावले तर ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचे वॉशर हवेत.

दुसरी चूक कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सर खरा आकडा दाखवतो का हे न पडताळण्याची. डीएस१८बी२० हा तापमानाचा स्वस्त सेन्सर ०.५ अंश इकडेतिकडे दाखवू शकतो. गोदामासाठी ते चालतं. ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं, गरम वाळूत माद्या जास्त होतात, आणि तिथे अर्ध्या अंशानं निष्कर्ष फिरतो. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी थर्मासमध्ये ढवळा, सेन्सर शून्य दाखवतो का बघा, फरक लिहून ठेवा. लॉगरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिलं तर सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे पडतात आणि दुपारचं ऊन सकाळी तापलेलं दिसतं. कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, तेव्हा वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय घरट्यात वायरसुद्धा घालू नये.

संगणकवाल्यांनी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा धरावी. कांदळवनाचं क्षेत्रफळ अक्षांश-रेखांशांच्या अंशांत मोजू नका, मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत घ्या. आपल्या किनाऱ्यासाठी यूटीएम ४३ उत्तर, सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो, पण चित्र भरतीला टिपलंय की ओहोटीला हे न बघता दोन वर्षांची तुलना केली तर नसलेली तोड दिसते. कोकणातला जुना ठोकताळा इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. ढोबळ आहे, अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता बघायलाच हवा.

नोकरीचं थोडक्यात. बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात आणि जाहिरातीत एम.एस्सी. मागतात. बी.ई.वाल्यांनी गेट ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी: त्या आधारावर जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची, दारं उघडतात, आणि जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडं आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांच्या जाहिराती नियमित बघत राहा. शिरोली एमआयडीसीतल्या पगाराशी तुलना करायची असेल तर आधीच करा, दोन वर्षांनी नको.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि मच्छीमारांना बोलायला सवड असते. तेव्हा आंबा किंवा गगनबावड्याचा घाट उतरून जा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे ओढतात, ट्रॉलर कुठून फिरतात ते विचारा, नाहीतर तुमचा लॉगर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी जाळ्यात येईल. आणि डबीवर फोन नंबर कोरूनच घ्या. रंगवलेला टिकत नाही.